पालकांचा नंबर

"पालकांचा नंबर द्या," हवालदार म्हणाला. तळ्याकाठच्या जोडप्यांना हुसकावत पोलिसांचं पथक आमच्या बाकापर्यंत आलं होतं. दिगंबरराव उकडलेल्या शेंगा सोलत होते आणि मी खात होते. एवढाच आमचा गुन्हा.

"अरे, त्रेसष्ट वर्षांची विधवा आहे मी. हे माझे मित्र आहेत."

"मग मुलाचा नंबर द्या, मावशी. या वयात हे शोभतं का? जोडपी उठवायचा वरून आदेश आहे."

माझं डोकंच फिरलं. ज्याचं नाक मी पुसलं, त्याला विचारून मी बाकावर बसू? पालकच हवेत ना यांना? मी आईला फोन लावला आणि स्पीकर चालू करून त्याच्या हातात दिला.

"आजी, तुमची मुलगी तळ्यावर परपुरुषासोबत सापडलीय."

सापडलीय म्हणे! चोरीचा माल आहे का मी?

नव्वदीची आई कडाडली, "तिचा नवरा तिला मारायचा, तेव्हा मी तिला घेऊन तुमच्या चौकीत आले होते. डोकं फुटलं होतं तिचं. नवराबायकोच्या भांडणात पोलीस पडत नाहीत, म्हणालात. मग आज ती सुखानं बसलीय, तर मध्ये कशाला पडता?"

हवालदारानं फोन परत दिला. "वाद नको, मावशी. उठा."

इतका वेळ आमचा एकमेकांना साधा धक्काही लागला नव्हता. मी त्याच्यादेखत दिगंबररावांचा हात घट्ट धरला.

"आता कर गुन्हा दाखल," मी म्हणाले.