पुलावरचे दोघे

पुलावर पहिला माणूस पडला तेव्हा भुवनेश्वरी खुर्चीत पुढे सरकली.

"हे नव्हेत ना?"

"नाही पाट्टी," साईराम म्हातारीला म्हणाला. "हा गोरा सार्जंट. आपली माणसं मागून येतात."

लॅपटॉपवर चित्र होतं, आवाज नव्हता. १९४५ सालची ब्रह्मदेशातली लढाई फौजेच्याच कॅमेरामननं टिपली होती, मुकी. सार्जंटचा जबडा उडाला होता. हरवलेली वस्तू शोधावी तसा तो दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा चाचपत होता. मग तो कठड्यावरून खाली गेला आणि त्याच्या जागी दुसरे तिघे धावत आले.

ही फीत साईरामनं लंडनहून मागवली होती. तंजावूरच्या जुन्या सैनिकांचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात भरायचं होतं, आणि चित्राखाली नावं घालायचं काम त्याच्याकडे होतं. त्या तुकडीत तंजावूरकडचे दोघेच होते, रघोजी आणि व्यंकटरमण. दोघेही फितीत आहेत असं कॅमेरामननं लिहून ठेवलं होतं. कोणता कोण, ते लिहिलं नव्हतं.

रघोजी लढाईहून परतले, १९८५ साली राजवाड्यामागच्या याच घरात वारले. वसुमती त्यांची मुलगी. त्यांचा एकमेव फोटो वाळवीनं खाल्ला होता, म्हणून साईराम तिलाच विचारायला आला होता.

व्यंकटरमण परतले नाहीत. पूल घेतल्यावर तीन आठवड्यांनी ते मारले गेले. त्यांची मुलगी भुवनेश्वरी त्याच्या वर्षभर आधी जन्मली होती. त्यांनी तिला पाहिलं नाही, तिनं त्यांना. त्यांचा फोटो कधी काढलाच गेला नव्हता. एक्क्याऐंशी वर्षांची ती बाई सकाळच्या बसनं पापनाशमहून एकटी आली होती.

"आता बघा," साईराम म्हणाला.

पुलापलीकडच्या खंदकात हातबॉम्ब पडला. मातीबरोबर एक बूट वर उडाला, त्यात पाय होता. धूर विरला तेव्हा पुलाच्या मध्यावर एक हिंदी शिपाई पडलेला दिसला. त्याचा गुडघ्याखालचा पाय कातडीला लोंबत होता आणि तो कोपरांवर सरपटत होता.

एक उंच, सडपातळ शिपाई त्याच्यासाठी उलटा धावला. फळ्यांच्या ढलप्या त्याच्याभोवती उडत होत्या. त्याची टोपी उडाली. त्यानं जखमीचा पट्टा धरला आणि त्याला ओढत आणलं, तोल जाऊन दोनदा पडला, पण पट्टा सोडला नाही. बांधाआड पोहोचल्यावर तो कॅमेऱ्याकडे तोंड करून ओकला.

"हा एक," साईराम म्हणाला. "आणि हा दुसरा."

दुसरा बुटका, रुंद खांद्यांचा. तो खंदकाच्या तोंडाशी उभा होता. आतून एक जपानी शिपाई हात वर करून बाहेर आला. मिसरूडही न फुटलेला. बुटक्यानं त्याच्या पोटात संगीन खुपसली. छातीवर बूट टेकवून ती उपसली आणि पुन्हा खुपसली. मग पुन्हा. चौथ्यांदा खुपसली तेव्हा खालचा देह हलत नव्हता. बुटक्यानं मान वळवली. तो हसत होता.

भुवनेश्वरीनं पदर तोंडाला लावला. "हा कोण, वसू?"

"पुन्हा दाखव," वसुमती साईरामला म्हणाली.

त्यानं दाखवलं. ओढणारा, मग संगीनवाला. स्वयंपाकघरातून वसुमतीची मुलगी रंजना कॉफी घेऊन आली आणि दारातच उभी राहून पाहू लागली.

"संगीनवाले," वसुमती म्हणाली, "ते माझे अप्पा."

साईरामची लेखणी थांबली. "नक्की? खाली नाव छापलं जाणार. सगळं गाव वाचणार."

"बापाचं तोंड विसरेन काय मी? लिही. रघोजी."

"मग तो..." भुवनेश्वरीनं पदर खाली घेतला. "तो ओढणारा?"

"ते तुझे."

साईरामनं चित्र थांबवलं. भुवनेश्वरीनं बोट पुढे केलं, पडद्यापाशी नेलं, मग हळूच त्या शिपायाच्या हनुवटीला लावलं.

"नाक माझ्या थोरल्याचंच आहे," ती म्हणाली.

तिनं तेवढाच भाग चार वेळा पाहिला. ओकण्याच्या जागी प्रत्येक वेळी ती "अय्यो" असं पुटपुटली, आजारी लेकराकडे बघून म्हणावं तसं. निघताना तिनं वसुमतीचे दोन्ही हात धरले.

"तू मनाला लावून घेऊ नकोस. लढाईत माणूस आपला राहत नाही. घरी तर चांगले होते ना?"

"चांगले होते," वसुमती म्हणाली.

साईराम भुवनेश्वरीला बसस्टँडवर सोडायला गेला. गाडी गल्लीबाहेर वळेपर्यंत वसुमती दारात उभी होती. रंजना रिकामे पेले उचलत होती. तिनं ते पुन्हा खाली ठेवले.

"अम्मा, आजोबा गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. मला ओळखता येतात. पट्टा धरून ओढणारे आजोबा होते."

"होय," वसुमती म्हणाली. "मजपाशी अप्पा अडतीस वर्षं होते. ती आपल्या बापाला पहिल्यांदा पाहत होती, रंजना. तिला तो संगीनवाला दाखवू होय?"