चार गल्ल्या इकडेतिकडे

नवऱ्याच्या तावडीतून सुटल्यापासून मी पत्ता कुणालाच दिलेला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. त्याला माझं काम ठाऊक, म्हणून आमच्या तांत्रिक गटातही मी नुसती 'चिमणी'. देशोदेशीचे आम्ही इंजिनिअर मिळून फोनसाठी एक नियम ठरवतोय: माणूस नेमका कुठे आहे ते कुणाला कळू नये, नकाशावरचा त्याचा ठिपका दर वेळी चार गल्ल्या इकडेतिकडे पडावा.

चाचणीसाठी मी रोज घरातूनच माझा ठिपका गटावर टाकायचे. कधी तो तळ्यात पडायचा, कधी शाळेच्या छपरावर.

"चिमणे, आज पोहायला गेलीस वाटतं!" सगळे हसायचे. मीही हसायचे. नवीन आलेल्या 'पाहुण्या'ला तर कोण कौतुक! "खंड पाडू नकोस हं, रोज टाकत जा."

आज दुपारी त्याचा मला एकटीला मेसेज आला. "तुझे आजवरचे सगळे ठिपके एकाच नकाशावर मांडले. बरोबर मधोमध तुझी पिवळी इमारत आली."

कशीबशी उठून मी खिडकीचा पडदा ओढला, तेवढ्यात दुसरा मेसेज आला.



"पडदा कशाला ओढतेस, बायको? दार उघड."