पासवर्ड फक्त फोनवर

दुकानाचा नियम पक्का होता: दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरमधल्या फाइली क्लाउडवर कुलपात ठेवायच्या, लिंक पाठवायची, पासवर्ड मात्र फोनवर तोंडीच सांगायचा. बायकोचे फोटो वाचवायला आलेल्या काकांनी पासवर्ड स्वतःच निवडला होता, तरी रोज संध्याकाळी त्यांचा फोन ठरलेलाच. “विसरलो बघा.” “बबडी, काका, बबडी!” गिऱ्हाइकांच्या गर्दीत मेकॅनिक खेकसायचा. “पुन्हा एकदा?” काका हळूच म्हणायचे. “बबडी! लिहून ठेवा की कुठंतरी!” मग एकाएकी फोन थांबले. मेकॅनिकला हायसंच वाटलं. महिन्याभरानं काकांची लेक लॅपटॉप घेऊन आली. “बाबा गेले. आईचे फोटो हवेत. पासवर्ड?” “बबडी,” तो सवयीप्रमाणे मोठ्यानं म्हणाला. ती एकदम थबकली. “बाबा आईला बबडी म्हणायचे. ती गेल्यापासून हे नाव घरात कुणी घेतलंच नाही.” मेकॅनिकचा हात कीबोर्डवरच राहिला. तिनं डोळे पुसले. “पुन्हा एकदा?”