शेवटचा पांढरा केस

"हलू नका हो!" प्रेमलताबाईंनी नवऱ्याचं डोकं खिडकीकडे वळवलं. सोमवारपर्यंत वासुदेवरावांच्या कानशिलावर एक पांढरा केस उरला होता. आज तोही नव्हता. "गेला! देखो तो सही, सगळं डोकं काळंभोर!"

वासुदेवराव हसले. "आता तरी पोटभर जेवशील?"

रक्ताच्या कॅन्सरवरची गोळी सुरू झाली आणि अडुसष्टाव्या वर्षी त्यांचे केस काळे व्हायला लागले. क्वचित होतं असं, डॉक्टर म्हणाले. बाईंना तेवढं पुरलं. केस काळे म्हणजे गोळी लागू पडली; रिपोर्टातले आकडे कुणाला कळतात? त्यांनी खजराण्याच्या गणपतीला नवस बोलून टाकला: शेवटचा पांढरा केस जाईपर्यंत एकवेळच जेवीन.

त्याला दीड वर्ष झालं. ब्लाउज ढगळ झाले, चक्कर येऊन त्या दोनदा पडल्या, पण बाई हटल्या नाहीत. मध्ये दिवाळीच्या सुमारास पुन्हा पांढरे डोकावले तेव्हा त्यांचा जीव टांगणीला लागला होता. पुढे मात्र केस भराभर काळे होत गेले.

वासुदेवराव तेवढे विक्षिप्त झाले होते. राऊ गावातले सगळे न्हावी सोडून पार शहरात, परदेशीपुऱ्याला केस कापायला जायचे. उशीचा अभ्रा स्वतः धुवायचे. दुखण्यानं माणूस असा होतो, म्हणून बाई सोडून देत. तपासणीलाही ते एकटेच जात. "तू उपाशीपोटी कुठे ताटकळत बसतेस?"

आज मात्र बाई ऐकणार नव्हत्या. खजराण्याला लाडू चढवले आणि उरलेला डबा घेऊन त्या नवऱ्याबरोबर थेट दवाखान्यात शिरल्या. आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता.

"डॉक्टरसाहेब, रिपोर्ट नंतर, आधी तोंड गोड करा! तुमच्या गोळीनं कमालच केली. एक पांढरा केस शोधून दाखवा!" आणि त्यांनी स्वतःही लाडू तोंडात टाकला. मग दुसरा घेतला. वासुदेवराव रिपोर्टाकडे बघतच नव्हते. ते बायकोला खाताना बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

डॉक्टर यशवर्धन त्या काळ्याभोर डोक्याकडे जरा वेळ बघत राहिले.

"काकू, ती गोळी तर आपण दिवाळीतच बंद केली, तिचा असर संपला होता. आताच्या गोळीनं काळे केससुद्धा पांढरे होतात."