बायायचं बोलणं

साल छप्पन. कमी वयातल्या बाळंतपणाचे धोके पोरींना समजावून सांगायला रिसोडहून नर्सबाई बैलांच्या दमणीत बसून गावात आल्या. शाळेच्या खोलीत त्यांनी चित्रांचा तक्ता टांगला मात्र, प्रयागबाईचं डोकंच फिरलं. साऱ्या कुवाऱ्या पोरी तिनं बाहेर हाकलल्या. तिची स्वतःची तेरा वर्षांची वच्छीही त्यातच गेली.

"हे बायायचं बोलणं हाय. लेकरायचं इथं काय काम?"

मग सातव्या महिन्यातल्या सुनेला तिनं तक्त्यासमोर बसवलं, दार लोटलं आणि म्हणाली, "हं बाई, सांगा आता मोकळ्या मनानं. आता साऱ्या बायाच हायेत."

 

तेवढ्यात खिडकीतून वच्छी ओरडली, "माय, वयनीले धाड न वं! लंगडीले एक पोरगी कमी पडून राह्यली."