काळेवाडीतलं जर्मनी

बायकोला, पूनमला फोन लावण्याआधी रोहिदासने खिडकी बंद केली, फटीत टॉवेल कोंबला. खाली भाजीवाला ओरडत होता. त्याचा आवाज पुढच्या गल्लीत विरेपर्यंत तो थांबला आणि मग व्हॉट्सअॅपवरून कॉल लावला.

"जेवलात?" पूनमने विचारलं.

"आत्ताच. इथे दुपार आहे ना." काळेवाडीत संध्याकाळचे पाच वाजले होते. "भांड्यांचा आवाज कसला येतोय?"

"उद्या पाहुणे यायचेत घरी."

"आणि तात्या?"

"झोपलेत." भांड्यांचा आवाज थांबला. "नंतर बोलतील म्हणाले."

रोहिदासने समोर पाहिलं. त्याचे वडील, तात्या, लोखंडी कॉटवर मांडी घालून बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. रोहिदासला हसू आवरेना. त्याने घाईघाईने फोन ठेवला.

"घरी काय थापा मारून निघता हो, तात्या?"

"मला कोण इचारतंय," तात्या म्हणाले.

रोहिदास मोशीचा. चाकणच्या एका कारखान्यात बारा वर्षं त्याने साचे बनवले होते. मायक्रोमीटर लावायच्या आधीच बोटांना माप कळायचं, असा त्याचा हात. ती कायमची नोकरी सोडून तो वर्षभराच्या व्हिसावर जर्मनीला गेला. तिथे राहून काम शोधायचं. मिळालं तर थांबायचं, नाही तर परत. निघाला त्या दिवशी मोशीच्या चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. मित्रांनी फेटा बांधला, फटाके उडवले. गप्प होते ते फक्त तात्या. "हितं काय कमी हाय?" एवढंच एकदा म्हणाले.

तिकडे यंत्रं ओळखीची निघाली, माणसांचं बोलणं मात्र कळेना. दोन ठिकाणी आठ-आठ दिवस काम करून बघायला बोलावलं. त्याचं काम पाहून लोकांनी माना डोलावल्या आणि मागाहून नकाराचं पत्र आलं. नवव्या महिन्यात तो परतला. पण मोशीला जायला पाय उचलेनात. चौकातला तो फ्लेक्स डोळ्यांपुढे यायचा. शेवटी काळेवाडीत खोली घेतली आणि चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत कंत्राटावर लागला. कंपनीची बस रोज मोशीवरूनच जायची. तेवढा वेळ तो रुमाल तोंडावर ओढून झोपेचं सोंग घ्यायचा.

त्या नऊ महिन्यांत तात्या एकदाही फोनवर आले नव्हते. कधी रानात गेलेले असायचे, कधी आळंदीला, कधी झोपलेले. म्हातारा रुसलाय, हे रोहिदास समजून चुकला होता.

आणि दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी तो बसमधून उतरला, तर तात्या स्टॉपजवळच्या कट्ट्यावर बसलेले.

"कवा आलास?"

भर रस्त्यात रोहिदास लहान पोरासारखा रडला. तात्यांनी आवाज चढवला नाही की कारण विचारलं नाही. मुकाट त्याच्या मागोमाग आले, तिन्ही जिने न थांबता चढले.

"गुडघे बरे दिसतायत तुमचे."

"ऱ्हायलं दुखायचं."

"फोनवर का येत नव्हता, तात्या? एवढा राग?"

"राग न्हवता रं. येता येत न्हवतं."

रोहिदासने त्यांच्या पायांवर हात ठेवून विनवलं, की घरी सांगू नका. "माज्या तोंडनं न्हाई कळायचं कुणाला," तात्या म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी पाळला.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी ते यायचे. कुणाजवळ काढलं नव्हतं ते सगळं रोहिदास त्यांच्याजवळ बोलायचा. तिकडचे मुके रविवार. बर्फात उभं राहून खाल्लेला शिळा पाव. एकदा सलग बारा दिवस त्याला कुणी नावाने हाक मारली नव्हती. तेराव्या दिवशी त्याने आरशात बघून स्वतःच मारली. तात्या ऐकत राहायचे. ते गेले की खोली जास्तच गार वाटायची.

"व्हिसा आठ दिवसांनी संपतोय," तो आज म्हणाला. "आता पूनमला काय सांगू?"

"खरं सांग. उद्याच्याला घरी जा."

"लोक हसतील, तात्या."

"चार दिस हसत्याल. तू न्हाई गेलास तर मला हिकडं येरझारा घालाव्या लागत्यात. दमलो आता." तात्या उठले. "उद्याच जा. सकाळचंच."

त्यांचा आवाज इतका थकलेला त्याने कधी ऐकला नव्हता.

"जातो," तो म्हणाला. "मी आल्यावर तुम्ही समोर असाल ना?"

"तितंच आसन मी."

सकाळी रोहिदास मोशीच्या स्टॉपवर उतरला आणि तोंडावरचा रुमाल त्याने काढून टाकला. चौकात कुणी हसलं नाही. चहाच्या टपरीवरचे दोघं त्याला पाहून उठून उभे राहिले आणि त्यांनी मान खाली घातली. घरापुढे चपलांचा ढीग होता. त्याचा चुलतभाऊ रणजीत पत्रावळींचा गठ्ठा घेऊन आत चालला होता. त्याला बघून रणजीत जागीच थबकला.

तेवढ्यात पूनम दारात आली.

"पूनम, मी खोटं बोलत होतो," वाटभर घोकलेलं त्याने एका दमात बोलून टाकलं. "मी तीन महिने काळेवाडीत राहतोय. जर्मनीत काम मिळालं नाही मला. तात्या कुठंयत?"

पूनमला त्यातलं शेवटचंच ऐकू गेलं असावं. तिने रणजीतकडे पाहिलं. रणजीतने 'मी नाही सांगितलं' अशी मान हलवली. मग तिने दाराची चौकट घट्ट धरली आणि ती रडू लागली.

"तुम्ही विमानात बसलात त्याच्या तिसऱ्या दिवशी झालं हो सगळं. 'त्याला कळवू नका, आल्या पावली माघारी येईल,' अशी शपथ घालून गेले ते. अग्नी रणजीतभाऊजींनी दिला. आता आजचं वर्षश्राद्ध तरी तात्यांच्या पोराच्या हातून होऊ दे."