दोन घास

शिबिरात दुपारची पंगत बसली, तेव्हा द्रौपदा एकटी तंबूत पडून होती. तिच्या मानेवर एक पट्टी चिकटवलेली होती.

खाडीने गाव गिळलं, त्याची बातमी जगात कुणी वाचली नाही. मग संस्थेच्या फर्नांडिसमॅडमनी ही पट्टी आणली. तेव्हापासून द्रौपदाची भूक परदेशातल्या लाखो लोकांच्या पोटात जशीच्या तशी उठायची. कळ सोसवेनाशी झाली, की ते धान्य पाठवायचे. शिबिर जेवायचं. द्रौपदाने मात्र जेवायचं नव्हतं.

पण कालपासून तिची भूकच मेली होती. पोट शांत, अंग हलकं. तिकडची पोटंही शांत झाली आणि आज ट्रक आला नाही.

लेक शेवंती वाटी घेऊन आत आली. "आई, फर्नांडिसमॅडमनी दिलंय. भात आणि बोंबलाचं कालवण! पण दोनच घास द्यायचे म्हणाल्या."

दोनच का, ते द्रौपदाला कळलं. तिने तोंड फिरवलं. "तूच खा."

"मी जेवले. उद्याला तांदूळ नाहीये म्हणतात."

द्रौपदाने तोंड उघडलं.

पहिल्या घासाला काही झालं नाही. दुसऱ्या घासाला, कुणी निखारा फुंकावा तशी भूक जागी झाली. गुडघे पोटाशी घेऊन ती कण्हू लागली. बाहेर फर्नांडिसमॅडमचा फोन वाजला, मग वाजतच राहिला.

शेवंतीने आईच्या ओठावरचं शीत पुसलं. "आवडलं ना? उद्यापण मीच भरवणार हं!"